परभाषा : बोलण्यातील आणि लिहिण्यातील

परभाषिक लेखकाचे पुस्तक अभिप्रायासाठी हाती आले, की आमच्या टीकाकारांची लेखणी बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. एक वाट कौतुकाची. मराठी ज्याची मातृभाषा नाही अशा गृहस्थाने मराठीत दोनशे पृष्ठे लिहिली, एवढ्यावरच टीकाकार संतुष्ट होतो, आणि त्या दोनशे पृष्ठांत काय आहे हे पाहावयाचे राहून जाते. दुसरी वाट शुद्धीची. येथे लिंग चुकले, तेथे विभक्ती चुकली, अमुक वाक्यास हिंदीचा वास येतो, तमुक शब्द गुजरातीतला आहे, अशी यादी तयार होते आणि ती यादी म्हणजेच परीक्षण असे समजले जाते. या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी नेऊन सोडतात. दोहोंतही लेखकाला लेखक म्हणून वागविले जात नाही. एकीत तो पाहुणा ठरतो, दुसरीत परीक्षार्थी.

परभाषा शिकून तीत लिहिणाऱ्याविषयी निराळा प्रश्न विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते. ही भाषा त्याच्याकडे कानावाटे आली की डोळ्यांवाटे? आणि बोलण्याकडून लिहिण्याकडे, किंवा लिहिण्याकडून बोलण्याकडे वळताना त्याने आपल्या भाषेत काय बदलले? मातृभाषिकालाही हा बदल करावाच लागतो. पण तो आपण केव्हा केला हे त्यास आठवत नाही. बोलणे आईजवळ आले, अक्षरे शाळेत आली, आणि दोहोंतील अंतर वर्षानुवर्षांच्या वाचनाने नकळत अंगवळणी पडले. परभाषिकाच्या बाबतीत हा क्रम ठरलेला नसतो. कोणी बाजारात शिकतो, कोणी व्याकरणातून. कोणास ऐकू येते पण वाचता येत नाही, तर कोणी वाचतो सफाईने आणि भाजीवाल्यापुढे मात्र अडखळतो. म्हणून मातृभाषिक ज्या गोष्टी न जाणता करतो त्या परभाषिकास जाणून कराव्या लागतात. त्याच्या लेखनाचे खरे गुणदोष येथेच सापडतात.

मराठीपुरते पाहिले तरी हे अंतर किती आहे ते ध्यानात येईल. ‘जग’ हे अक्षर कागदावर एकच. पण ‘हे जग’ म्हणताना त्यातील ज एक, आणि ‘सुखाने जग’ म्हणताना दुसरा. च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत, आणि लिपीने त्यांची वेगळी खूण ठेवलेली नाही. पुस्तकावरून शिकणारा येथे हमखास फसतो. कानाने शिकणाऱ्यास अडचण आहे हेच कळत नाही. उलट ऱ्हस्वदीर्घाचा घोळ कानाने शिकणाऱ्याचा, कारण शब्दाच्या अखेरची इकार-उकारांची लांबी आमच्या बोलण्यात फारशी वेगळी ऐकूच येत नाही. क्रियापदांकडे पाहावे. आपण बोलतो ‘केलं’, ‘झालं’, ‘असं’. लिहितो ‘केले’, ‘झाले’, ‘असे’. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या लेखनविषयक नियमांनी हे अंतर मान्य करूनच वाट काढली : पात्राच्या तोंडी बोलण्यातले रूप चालेल, एरवी एकारान्त रूप लिहावे. म्हणजे कोणते रूप कोठे शोभते हा औचित्याचा प्रश्न शुद्धलेखनाच्या नियमांतच येऊन बसला आहे. शिकणाऱ्याने तो कसा सोडवावा? व्याकरणाच्या पुस्तकात ‘केले’ वाचून शेजारणीशी ‘मी जेवण केले’ असे बोलणारा विद्यार्थी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो. शेजारीण मात्र हसते.

हिंदीभाषी मनुष्य मराठी शिकतो तेव्हा याहून नाजूक अडचणी उभ्या राहतात. हिंदीतला ‘आप’ हा रोजचा आदर आहे. मराठीत समोरच्यास ‘आपण’ म्हणणे हा सभेतला किंवा पत्रातला आदर आहे. हिंदीचा तो आदर जसाच्या तसा उचलून कोणी शेजारच्या काकूंना ‘आपण जेवलात का?’ असे विचारले, तर शब्द शुद्ध असूनही जिव्हाळा आटतो. काकूंना ‘तुम्ही’च हवे असते. उलट ऐकणाऱ्यास बरोबर घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, त्यामुळे ‘आज संध्याकाळी आम्ही फिरावयास जाऊ’ असे तो ज्याला सांगतो, त्याला आपणास वगळले असे वाटते. या चुका बोलण्यातल्या होत. लिहिण्यातला सापळा वेगळाच आहे, तो संस्कृत शब्दांचा. शिक्षा, चेष्टा, संसार हे शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि संसार म्हणजे जग. बोलताना हे शब्द कमी येतात, म्हणून बोलणे निभते. लिहिताना भारदस्तपणासाठी ते हटकून येतात आणि अर्थाचा अनर्थ होतो. एकाच माणसाचे बोलणे आणि लिहिणे दोन निराळ्या ठिकाणी लंगडते, हे यावरून दिसेल.

आता एका थोर परभाषिकाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली मरेपर्यंत त्याच भागात राहिला. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी असल्याचे त्याने नमूद केले आहे. पुढे दोनशे वर्षांनी विद्वानांनी जे शास्त्र उभारले त्याची ही पुसटशी चाहूल. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याची आमच्याकडील कीर्ती मात्र मराठीचा गौरव करणाऱ्या चार-दोन ओव्यांवर उभी आहे. त्या ओव्या पाठ्यपुस्तकांत येतात, भाषादिनाच्या व्याख्यानांत येतात, आणि तेथेच आमचे वाचन संपते. परक्याने आमच्या भाषेची स्तुती केली हे पुरे झाले. तो ती भाषा कशी वापरतो हे पाहण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

स्टीफन्सने एकाच प्रदेशासाठी तीन प्रकारची पुस्तके लिहिली. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्याने तेथील लोकांच्या बोलीत, म्हणजे कोंकणीत, लिहिली; ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. त्याच बोलीचे व्याकरण त्याने पोर्तुगीज भाषेत, नव्याने येणाऱ्या पाद्र्यांसाठी लिहिले. ते १६४० साली प्रसिद्ध झाले. पुराण मात्र मराठीत, आणि तेही ओवीत. ही निवड त्याने का केली याचे उत्तर त्याच्या प्रास्ताविकात आहे. अशा विषयास शोभेल अशी भाषा मराठी, हे त्याने जाणले होते. पण निव्वळ ग्रांथिक मराठी सामान्य श्रोत्यांस समजणार नाही म्हणून तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द आपण मिसळले आहेत, असे तो सांगून टाकतो. म्हणजे जी सरमिसळ पाहून आजचा शुद्धिप्रिय टीकाकार लाल शाई उचलील, ती अज्ञानातून आलेली नाही. कोठे किती मिसळावयाचे हे ठरवून केलेली ती रचना आहे.

ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. धर्मशिक्षण घेणारा एक श्रोता पाद्रीस विचारतो, की ही शिकवण ठीक आहे, पण आम्हांस पुराण का नसावे? या प्रश्नामागे वेदना आहे. नव्या धर्मात आलेल्यांचे, किंवा आणल्या गेलेल्यांचे, जुने ग्रंथ सत्तेने काढून घेतले होते. प्रश्नोत्तरी त्यांच्या बोलीत होती, समजत होती. तरीही ती त्यांस पुरेना. पाठ म्हणण्याची भाषा त्यांस मिळाली होती. संध्याकाळी दहा जणांत बसून ऐकण्याची भाषा हिरावली गेली होती. परभाषिक स्टीफन्सला ही उणीव ऐकू आली, हेच त्याच्या भाषाज्ञानाचे सर्वांत मोठे प्रमाण आम्ही समजतो. शब्दकोश पाठ केल्याने हे ऐकू येत नाही. समाजात कोणती भाषा कोणत्या कामास लागते हे ज्याने पाहिले त्यालाच ते ऐकू येते.

पुराण डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हते, चर्चमध्ये मोठ्याने वाचून ऐकविण्यासाठी होते. ते छापलेही रोमन अक्षरांत. मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी अक्षर दोनदा लिहावयाचे, अशा युक्तीने. त्यामुळे या ग्रंथात एक विलक्षण मिश्रण झाले आहे. छंद आणि कथनाची ढब संतकवींच्या परंपरेतील, म्हणजे ग्रंथांतून शिकलेली; लेखनपद्धती मात्र कानाने टिपलेली. शब्दांच्या निवडीतही हीच सावधता दिसते. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक योजतो; पण पंथाच्या खास संस्कारांची नावे परक्या वळणाचीच ठेवतो. जेथे श्रोत्याच्या मनातील जुन्या शब्दाने काम होईल तेथे जुना शब्द, आणि जेथे त्या शब्दाने घोटाळा होईल तेथे नवा. काही ठिकाणी हे जोडकाम उघडे पडते हे खरे. नावांच्या लांब याद्या आणि उपदेशाचे लांबलेले भाग यांत ओवी नुसती चालते, गात नाही. पण हे दोष कवीचे आहेत, परभाषिकाचे नव्हेत. मातृभाषिक आख्यानकवींच्या पोथ्यांतही ते मुबलक सापडतात. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाच्या अडुसष्ट वर्षे आधी छापलेला हा ग्रंथ त्यानंतरही ख्रिस्ती कुटुंबांत हस्तलिखितांच्या रूपाने टिकला, १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीत आणि १९५६ साली पुण्यास नागरी लिपीत प्रसिद्ध झाला. लोकांच्या कानांत जे बसले होते ते हुकुमाने गेले नाही.

स्टीफन्सच्या उलट दिशेने गेलेले मराठी लोक थोडे नाहीत, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांस त्यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळच्या करौं गावी मराठी घरात झाला, आणि त्यांनी लिहिले बंगालीत. ‘देशेर कथा’ हे परकीय राज्याने केलेल्या आर्थिक लुटीचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले, स्वदेशीच्या चळवळीत घरोघर गेले आणि १९१० साली सरकारने ते जप्त केले. ते ज्या बंगालीत लिहिले गेले ती साधुभाषा. तिच्यातील क्रियापदांची लांब रूपे त्या काळी कोणाही बंगाल्याच्या घरात बोलली जात नसत; बोलताना ‘करछि’ म्हणणारा मनुष्य लिहिताना ‘करितेछि’ असे लिही. आमचे अनुमान असे, की ही गोष्ट देऊस्करांसारख्या लेखकास अनुकूलच ठरली असावी. जी लेखनभाषा कोणाच्याच तोंडची नसते ती सर्वांनाच पुस्तकातून शिकावी लागते, आणि तेथे घरचा व बाहेरचा यांतील अंतर पुष्कळ कमी होते. १९१२ साली देऊस्कर वारले. त्यानंतर दोन वर्षांनी प्रमथ चौधुरी यांचे ‘सबुजपत्र’ निघाले आणि बोलभाषेस लेखनात मानाचे स्थान द्यावे ही चळवळ जोरात सुरू झाली. भाषेच्या हिताची ती चळवळ होती यात शंका नाही. पण तिने परभाषिकाची परीक्षा अधिक कठीण केली, हेही तितकेच खरे. लेखन बोलण्याच्या जवळ आले, की लिहिणाऱ्याचा कान उघडा पडतो.

ही कठीण परीक्षा काका कालेलकरांनी गुजरातीत दिली. सातारला १८८५ साली जन्मलेल्या या मराठी माणसाने गुजराती आपलीशी केली ती मोठेपणी. आणि ज्या वर्तुळात ते लिहू लागले तेथे गांधीजींचा आग्रह असा, की शेतात मोट हाकणाऱ्यासही कळेल असे गुजराती लिहावे. साधुभाषेचा आडोसा तेथे नव्हता. ‘हिमालयनो प्रवास’मध्ये संस्कृत शब्द सढळ हाताने येतात, पण वाक्य मात्र समोर बसलेल्या सोबत्याशी बोलावे तसे चालते. आम्हांस यात त्यांचे कौशल्य दिसते. संस्कृत शब्द हे मराठी आणि गुजराती यांचे सामाईक धन. तेथे त्यांनी आपल्या घरचे भांडवल वापरले. वाक्याची ठेवण आणि क्रियापदे मात्र ऐकून ऐकून कमावली. गांधीजींनी त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हटले. आणि गुजरात विद्यापीठाचा जो ‘जोडणीकोश’ १९२९ साली निघाला आणि ज्याने गुजराती शुद्धलेखन निश्चित केले, त्या कामातही कालेलकरांचा वाटा होता. ज्या भाषेचे शुद्धलेखन त्यांनी मोठेपणी शिकले, ते ठरविणाऱ्यांतच पुढे त्यांना स्थान मिळाले.

धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची गोष्ट आणखी निराळी. घरी मराठी, गल्लीत कन्नड. त्यांनी काव्यासाठी कन्नड निवडली, आणि त्यातही धारवाडच्या बोलण्यातील लकबी काव्यात आणल्या. ‘नाकु तंती’ हा त्यांचा १९६४ सालचा संग्रह. त्यास पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. बोली काव्यात आणण्याचे हे धाडस मोठेपणी भाषा शिकलेल्यास सहसा साधत नाही. ते बालपणीच्या कानाचे देणे आहे. हिंदीतील गजानन माधव मुक्तिबोध आणि मराठीतील त्यांचे बंधू शरच्चंद्र यांचे उदाहरणही येथे आठवते. एका घरातून दोन भावांनी दोन भाषा घेतल्या. घरातील बोलणे लेखनाची भाषा ठरवून टाकत नाही, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

यावर कोणी विचारील, मग परभाषिकाच्या चुका माफ करावयाच्या काय? आमचे म्हणणे तसे नाही. चुकांचे प्रकार वेगळे करा, इतकेच आम्ही म्हणतो. ‘तो पुस्तक’ असे लिहिणे हे नियमाचे अज्ञान होय. ते संपादकाने मुकाट्याने सुधारावे, परीक्षणात मिरवू नये. ग्रंथातील शब्द तोंडी घालणे आणि तोंडचे शब्द प्रबंधात घालणे हा औचित्यभंग होय. तो लेखकास दाखवून द्यावा, कारण शिकण्यासारखे जे आहे ते येथे आहे. तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या मिश्रणाचा. त्याचा हेतू काय आणि तो साधला की नाही, हे टीकाकाराने तपासावे. आमची बहुतेक परीक्षणे पहिल्या प्रकारातच गुंतून पडतात, दुसऱ्याकडे त्यांचे लक्ष जात नाही, आणि तिसऱ्याला ती पहिल्यातच ढकलतात. आजचे नियम घेऊन कोणी ‘ख्रिस्तपुराण’ तपासावयास बसला, तर त्याच्या हाती एक शुद्धिपत्र लागेल आणि ग्रंथ निसटेल.

हा विचार केवळ ग्रंथकारांपुरता नाही. तो आमच्या घरात येऊन बसला आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांची मातृभाषा मराठी आहे असे आपण खानेसुमारीत लिहून देतो. पण त्यांचे शिक्षण हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या प्रांताच्या भाषेत होते. बोललेली मराठी त्यांची स्वतःची आहे. लिहिलेली मराठी ही त्यांना दुसरी भाषा आहे. आजीशी दूरध्वनीवर ती न अडखळता बोलतात. संदेश पाठवावयाचा झाला की तीच मराठी रोमन अक्षरांत, कानाला लागेल तशी लिहितात. चारशे वर्षांपूर्वी राचोलच्या छापखान्यात जे घडले तेच एका अर्थी पुन्हा घडत आहे. फरक एवढाच, की स्टीफन्सपाशी कानाच्या जोडीला ग्रंथांची परंपराही होती, आणि आमच्या मुलांपाशी फक्त कान आहे. ती ‘मला वेळ नाही’ याऐवजी ‘माझ्याजवळ वेळ नाही’ म्हणतात, तेव्हा आपण त्यांना घरात हसतो. त्यांनी एखादा निबंध लिहून मंडळाच्या स्पर्धेस पाठविला, तर लाल शाईने तो परत करतो, किंवा परप्रांतात राहून मराठी लिहिते म्हणून न वाचताच बक्षीस देतो. टीकाकारांच्या ज्या दोन वाटा आम्ही आरंभी सांगितल्या त्याच या. दोहोंतूनही मूल एकच धडा घेते : मराठी बोलावी घरात, लिहावी दुसऱ्या कोणी.

मुलाने आजीला जे सांगितले तेच त्याला नागरी अक्षरांत, बोलला तसेच, ‘केलं’, ‘झालं’ ठेवून लिहू द्यावे. मग तीच हकीकत आजीला न ओळखणाऱ्या माणसासाठी पुन्हा लिहावयास सांगावे. दुसऱ्या खेपेस काय बदलावे लागले आणि का, याविषयी त्याच्याशी बोलावे. शुद्धलेखनाचे नियम त्यानंतर सांगितले तर ते कशासाठी आहेत हे त्यास उमगेल. आमच्या मासिकांनीही बालविभागात अशी दोन्ही लेखने शेजारी शेजारी छापावयास हरकत नाही. वर्षभर हे केले, तर ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ या शब्दांचे मराठी अर्थ मुलांना दटावून शिकविण्याची पाळी फारशी येणार नाही.